सात कपाळांवरचं कुंकू

कुंकवाच्या टिकल्याला खालून, डाव्या बाजूला, एक खाच होती. आठ बाय दहाच्या फोटोत टिकल्याचा व्यास पाच मिलिमीटर भरला आणि खाच जेमतेम अर्धा मिलिमीटर. टिकल्याच्या खाली, नाकाच्या रेषेत, कुंकवाचा एक सुटा कण पडलेला होता.

बोटाने लावलेलं कुंकू असंच दिसतं. त्यात मोजण्यासारखं काही नाही. पण नानासोंच्या स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर गेल्या दोन वर्षांत काढलेले सात बायकांचे फोटो टांगलेले होते, आणि सातही कपाळांवर तीच खाच होती, तोच कण होता. चेहरा मोठा तिथे टिकला मोठा, चेहरा लहान तिथे लहान, एवढाच काय तो फरक.

हे माझ्या लक्षात येण्यासाठी चंद्राबाईंना त्यांचा फोटो परत आणावा लागला.

मी कोरेगावात राहते आणि साताऱ्याच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवते. तासिका तत्त्वावर म्हणजे जूनमध्ये मुलाखत, मग नऊ महिने तास, एप्रिलमध्ये काम बंद आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. अशी अकरा वर्षं झाली. कायमची जागा निघेल असं दरवर्षी कोणीतरी सांगतं आणि आईला ते दरवर्षी खरं वाटतं. रविवारी आणि सुट्ट्यांत मी नानासोंच्या स्टुडिओत असते. बी.एस्सी.ला असताना अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायला शिकले ती त्यांच्याकडेच.

नानासो आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मला विचारलं होतं, "स्टुडिओ घेतीस का चालवायला? माझ्या मागं कोण न्हाई." मी म्हणाले, "जून होऊ दे, नाना." त्यानंतर दोन जून येऊन गेले आणि तिसरा लागला. यंदा मे महिन्यात जागामालकाने सांगितलं की मोबाइलच्या दुकानासाठी गाळ्याला मागणी आहे, रिकामा करणार असाल तर बघा. नानासोंनी जूनअखेरपर्यंतची मुदत मागून घेतली आणि मला एवढंच म्हणाले, "तवर सांग. न्हाई म्हणलीस तरी चालंल, पर सांग."

चंद्राबाई आल्या तो जूनमधला दुसरा रविवार होता. त्या आणि त्यांचे यजमान नाथाजी माणदेशातले. जन्मभर मेंढरांमागे फिरलेलं जोडपं, आता कळप मुलाकडे आहे. कोरेगावात दिलेल्या मुलीकडे दोघे महिनाभर राहायला आले होते. आधीच्या रविवारी चंद्राबाईंनी स्वतःचा मोठा फोटो काढून घेतला होता. नानासो त्या दिवशी फलटणला लग्नाला गेले होते, म्हणून फोटो मीच काढला आणि मीच छापून दिला.

"ह्ये घ्या तुमचं," चंद्राबाईंनी फोटो काउंटरवर पालथा ठेवला, मग स्वतःच सुलटा केला. "तुमी मास्तरीण हाय न्हवं? मग सांगा, ह्यो रंग कसला?"

"कुंकवाचा," मी म्हणाले. पण म्हणताना मलाच ते पटलं नाही.

"कुंकू न्हाई ह्ये. वाळल्यालं रगात हाय."

नाथाजी मागे बाकावर बसले होते. त्यांच्या कपाळाला भंडारा होता आणि पटक्याचा शेमला गळ्यात आला होता. "आवं, घरात पाच जणांस्नी दावला," ते म्हणाले. "फोटो बघितला की समदी आदी माझ्याकडं बघत्यात. म्हातारा हाय न्हवं अजून, म्हणत्यात."

"मग? हायसा न्हवं अजून?" चंद्राबाई वळल्या. "तर कपाळ बी तसं दिसाय पायजे. ह्यो फोटो मी गेल्यावर भितीला लावायचा हाय. कुंकवासकट गेले म्हणून तर लावायचा."

"आदी तू जानार का मी, ह्ये ठरलं कवा?"

"मी ठरवलंय. तुमाला काय इचारायचं त्यात?"

नाथाजींनी मान डोलावली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पन्नास वर्सं असंच चाललंय."

मी फोटो खिडकीच्या उजेडात नेला. छपाईत दोष नव्हता. लुगड्याचा हिरवा रंग ठीक होता, पांढऱ्या केसांत कसलीही झाक नव्हती. पण कुंकू तपकिरी आलं होतं, ओठ करडे, आणि त्या रापलेल्या, तुकतुकीत चेहऱ्यावर तापातून उठल्यासारखी कळा होती. तुलना करायला म्हणून मी भिंतीकडे पाहिलं. तिथे सातही बायकांचं कुंकू लालभडक होतं. मग मी जवळ गेले. मग पट्टी घेतली.

तेवढ्यात नानासो आतून आले. त्यांनी चंद्राबाईंचा फोटो पाहिला, भिंतीशी पट्टी घेऊन उभी असलेल्या मला पाहिलं, आणि कानाची पाळी चोळली.

"ह्यो तू छापलास?"

"हो."

"मला न दावता?"

"तुम्ही लग्नाला गेला होता."

ते चंद्राबाईंकडे वळले. "वैनी, चूक आमची हाय. परत काढतो. बुधवारी या."

"बुधवारी अकराला येते. एकच्या यष्टीनं आमी गावाकडं निघालो. आन हे बघा दादा, कुंकू माझं दिसाय पायजे. रंगवून देऊ नगा."

रंगवून देऊ नगा, यावर नानासोंनी खाली पाहिलं.

चंद्राबाई जायला निघाल्या तेव्हा मी त्यांच्याकडे चिमूटभर कुंकू मागितलं. त्यांना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी कमरेच्या पिशवीतून डबी काढली आणि कागदावर कुंकू टाकलं. "ह्यो बी घ्या," म्हणत नाथाजींनी शेजारी भंडारा टाकला. "काय तपासायचं आसंल तर दोन्ही तपासा. माझ्यात बी खोट निघायची."

ते दोघे गेल्यावर मी म्हणाले, "नाना, हे सातही टिकले एकच आहेत."

"मोजलंस व्हय?"

"मोजलं."

"मग इचारतीस कशाला?" ते संगणकापुढे बसले आणि एक फाइल उघडली. काळ्या पडद्यावर एकटा लाल टिकला, डावीकडे खाच, खाली कण. "धोंडुबाईचं हाय. आमची मंडळी. जुन्या फोटोतनं कापून घेतलं. गेली दोन वर्सं जी बाई येती तिच्या कपाळाला ह्येच लावतो. तिला कळलं तर म्हणंल, माझं कुंकू गावभर वाटलं व्हय."

मला हसू आलं आणि लगेच थांबलं. दोन वर्षं म्हणजे कधीपासून, ते मला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत स्टुडिओत हजार हजार वॅटचे दोन हॅलोजन होते. पाच मिनिटांत खोली तापायची. नवऱ्या मुलीची पावडर ओघळायची, तान्ही बाळं रडायची, आणि सैन्यात भरतीला निघालेल्या पोरांच्या पासपोर्ट फोटोत कपाळावर घाम चमकायचा. दिवे बदलायला मी सांगितलं. प्रयोगशाळेतला प्रकाशमापक आणून मी दोन्ही प्रकारच्या दिव्यांची मोजणी केली. तेवढाच उजेड, उष्णता जवळजवळ नाही. पांढरा कागद पांढरा दिसतो, करडा कागद करडा दिसतो, हेही तपासलं. आकड्यांचा तक्ता करून नानासोंच्या टेबलावर ठेवला. ऑनलाइन मागवलेल्या एलईडीच्या दोन चौकटी आल्या आणि हॅलोजन माळ्यावर गेले.

"पहिल्या महिन्यातच कळलं मला," नानासो म्हणाले. "बायका म्हणायच्या, हितं फोटोत माणूस आजारी दिसतंय. मी लाल वाढवून बघितला. कुंकू जरा सुधारलं की गाल टमाट्यासारखं. मग गाल सोडून दिलं आन कुंकू चिकटवाय लागलो."

"मला का नाही सांगितलं?"

"तू मीटर लावून सांगितल्यालं. मला वाटलं, खोट माझ्या डोळ्यात हाय. सत्तरीला रंग कळंनात म्हणत्यात. म्हणून तर जागामालकाला लगेच न्हाई म्हणालो न्हाई." त्यांनी फाइल बंद केली. "आन दुसरं असं, की तू आयतवारची येतीस. पाव्हण्यानं हौसेनं भाजी केली आन मीठ जास्ती पडलं, तर आपण काय करतो? गप खातो. पाव्हण्याला कुणी सांगतं व्हय?"

मला राग आला, आणि तो कोणावर हे ठरवता येईना. महाविद्यालयाच्या कागदपत्रांत माझ्या नावापुढे 'अभ्यागत' असं लिहितात. मला ते इतकी वर्षं फक्त खुपत आलं होतं. त्याचा तोटा दुसऱ्या कोणाला होत असेल, हे कधी सुचलं नव्हतं.

सोमवारी मी साताऱ्याला गेले आणि प्रयोगशाळेच्या वहीत सही करून एक विवर्तन जाळी घेतली. काचेची छोटी पट्टी असते. तिच्यावर एका मिलिमीटरमध्ये सहाशे रेघा आखलेल्या असतात, आणि तिच्यातून पाहिलं की उजेड त्याच्या रंगांत सुटा होऊन दिसतो. दर वर्षी तिसऱ्या प्रयोगाला मी ती मुलांच्या हातात देते आणि सोडियमच्या दिव्याची पिवळी रेघ शोधायला लावते. अकरा वर्षांत ती मी एकदाही स्टुडिओतल्या दिव्यापुढे धरली नव्हती.

जिन्यात विभागप्रमुख भेटले. ते भले गृहस्थ आहेत. "मॅडम, बुधवारी अकराला मुलाखती ठेवल्यात. तुमचं काय, नेहमीचीच औपचारिकता. मूळ कागदपत्रं तेवढी आणा."

मी हो म्हणाले. दर वर्षी म्हणते तसंच.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही स्टुडिओचं शटर अर्ध्यावर ओढलं. नानासोंनी माळ्यावरचा एक हॅलोजन उतरवला, फडक्याने पुसला, आणि तो सुरू होताच खोलीत जळक्या धुळीचा ओळखीचा वास पसरला. शेजारी एलईडीची चौकट लावली. मी पुठ्ठ्याला ब्लेडने एक बारीक फट पाडून ती आधी हॅलोजनपुढे धरली, आणि जाळी नानासोंच्या डोळ्याला लावली.

"बाजूला बघा. फटीच्या बाजूला. काय दिसतंय?"

"थांब की जरा. चष्मा काढू?" ते मान इकडेतिकडे करत राहिले. मग मान स्थिर झाली. "आयला."

"काय?"

"समदं हाय की गं. जांभळ्यापासनं. आन लाल तर किती लांबवर गेलाय. संपतच न्हाई."

"आता हा बघा." मी पुठ्ठा एलईडीपुढे नेला.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मी काही सुचवलं नाही. मुलांनाही मी सुचवत नाही, कारण मग ती सांगितलेलंच पाहतात.

"हितं निळा लय जोरात हाय," ते म्हणाले. "मग मधी जरा अंधार. मग हिरवा, पिवळा बक्कळ. आन लाल... लाल हाय, पर थोडकाच. नारिंगीच्या पुढं गेलं की तुटला. कुणी कात्री लावल्यावानी." त्यांनी जाळी खाली घेतली. "तिकडं केवढा लांब हुता."

"कुंकू फक्त तोच लाल परत पाठवतं," मी म्हणाले. "बाकीचे रंग पिऊन टाकतं. जो रंग दिव्यातच नाही, तो कपाळावरून कुठून येणार? संगणकात वाढवायला गेलं तर असलेलं वाढतं. नसलेलं नाही वाढत."

"आन तुजं मीटर?"

"मीटर उजेड किती ते सांगतं. कसा, ते नाही सांगत. पांढरा कागदही फसवतो. निळा आणि पिवळा योग्य मापात मिसळले की डोळ्याला पांढरंच दिसतं. मी उजेडाचं माप घेतलं आणि उजेडाची जात बघितलीच नाही. चूक माझी होती, नाना. तुमच्या डोळ्यांची नव्हती."

ते बाकावर बसले. हॅलोजनच्या उजेडात त्यांचा चेहरा बरा दिसत होता, म्हणजे जसा आहे तसा.

"म्हंजे डोळं बरं हायेत म्हणतीस माझं."

"माझ्यापेक्षा बरे. मला दोन वर्षं दिसलं नाही."

"तुला दिसलं नसतं तर मला कवा कळलं असतं? मला नुसतं वाटत हुतं. वाटण्याला काय करायचं?" त्यांनी पाय लांब केले आणि गुडघा दाबला. "डोळं बरं झालं. आता गुडघ्याचं बघ. त्याला बी तुजी जाळी लाव."

मी पुठ्ठा घडी करून ठेवला. "उद्या सांगलीला जाऊ," मी म्हणाले. "चांगल्या जातीचे दिवे मिळतात आता. जाळी घेऊन जाऊ आणि बघूनच घेऊ. बुधवारी चंद्राबाई यायच्या आत."

"चंद्राबाईचा फोटो ह्या हॅलोजनवर निघतोय की."

"निघेल. तरी पण."

"दोन आठवड्यांत कुलूप लावायचं आन दुकानाला नवं दिवं?" नानासो माझ्याकडे बघत होते. "हे कुठलं गणित, मास्तरीण?"

"चूक दुरुस्त करायची आहे मला."

"चूक दुरुस्त करायची म्हण," ते म्हणाले आणि त्यांनी हॅलोजन बंद केला.

मंगळवारी सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. रहिमतपूर गेलं, कराड गेलं. नानासो खिडकीशी बसून समोरच्या माणसांच्या तोंडावरचा उजेड बघत होते. ही त्यांची जुनी सवय. "त्या पोराच्या नाकाची सावली बघ," ते हळूच म्हणाले. "कडक हाय, कडा सुरीवानी. का सांग?"

"ऊन थेट येतंय. उगम लहान आहे."

"आन ती बाई?"

तिच्या बाजूच्या खिडकीला कोणीतरी पांढरा टॉवेल वाळत घातला होता. तिच्या नाकाची सावली कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळत नव्हतं. "टॉवेल आता तिचा दिवा झालाय," मी म्हणाले. "मोठा आणि जवळ. म्हणून मऊ."

"ह्ये तुला मीच शिकवल्यालं," नानासो समाधानाने म्हणाले. "ती जाळी तू मला शिकवलीस. फिट्टंफाट."

किर्लोस्करवाडी आली तेव्हा ते डुलकी घेत होते. मी पिशवीत हात घालून जाळीची डबी नीट आहे ना ते पाहिलं. त्याच पिशवीत माझ्या मूळ कागदपत्रांची फाइलही होती. शनिवारी आवरून ठेवलेली, तशीच राहिलेली.

सांगलीत गणपती पेठेजवळच्या एका गल्लीत दिव्यांचं दुकान आहे. मालकाचं नाव उदयसिंह, वय तिशीतलं, बोलण्यात घाई. त्याने पाच दिवे ओळीने मांडले आणि खोक्यांवरचे आकडे वाचून दाखवायला सुरुवात केली. मी म्हणाले, "आकडे राहू द्या. दिवे लावा आणि शटर जरा खाली घ्या."

"शटर? दुपारी बारा वाजता?"

"घ्या की," नानासो म्हणाले. "आमी काय पळवून नेत न्हाई."

त्याने शटर ओढलं. मी पुठ्ठ्याची फट पहिल्या दिव्यापुढे धरली आणि जाळी डोळ्याला लावली. नानासोंनी खिशातून कागदाची पुडी काढून काउंटरवर उलगडली. एका बाजूला कुंकू, एका बाजूला भंडारा.

उदयसिंह एकदा पुडीकडे आणि एकदा आमच्याकडे बघत राहिला. "काका, दिव्याची पूजा घरी नेल्यावर करत्यात. आदी इकत तरी घ्या."

"पूजा न्हवं रं. परीक्षा हाय."

"कुणाची?"

"तुज्या दिव्याची. मास्तरीण आणलीया बरूबर, बघ की."

पहिल्या दिव्यात लाल लवकर तुटत होता. दुसऱ्यात त्याहून लवकर, आणि त्याच्या खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा छापलेला होता. मी जाळी उदयसिंहच्या हातात दिली. तो आधी हसत हसत पाहायला लागला. मग त्याने पहिला दिवा पुन्हा पाहिला, दुसरा पुन्हा पाहिला, आणि खोक्यावरचा आकडा अंगठ्याने घासला, जणू पुसून जाईल. "मॅडम, ह्ये असं असतंय हे आमाला कोण सांगत न्हाई ओ," तो म्हणाला. "कंपनीचा माणूस येतो, चहा पितो, जातो."

तिसरा बरा होता. चौथ्या दिव्यात लाल पट्टा शेवटपर्यंत गेला. हॅलोजनइतका नाही, पण कात्री लागलेली नव्हती. मी कुठला ते न सांगता बाजूला झाले. नानासोंनी चौथ्या दिव्याखाली पुडी सरकवली आणि वाकून पाहिलं. मग चिमटीत कुंकू घेऊन स्वतःच्या तळहातावर ओढलं, कारण कुंकू कागदावर बघायचं नसतं, कातडीवर बघायचं असतं.

"ह्यो," ते म्हणाले.

"माझाही चौथाच," मी म्हणाले.

आम्ही वेगवेगळ्या वाटांनी एकाच दिव्यापाशी आलो होतो. त्या क्षणी मला एक गोष्ट अगदी साधी वाटली. इतकी वर्षं मी समजत होते की मला हा धंदा पुरता येत नाही, आणि पुरता आला की मग उत्तर देऊ. पण नानासोंनाही तो पुरता येत नव्हता. त्यांना अर्धा येत होता आणि मला अर्धा, आणि मी रविवारचीच येत होते.

"सोबत ही पेटी घ्या," उदयसिंह आता उत्साहात आला होता. त्याने काळ्या कापडाची, पुढे पांढरा पडदा असलेली मोठी अष्टकोनी पेटी उघडून दाखवली. "उजेड एकदम मऊ पडतो."

"मऊ कराय आमच्याकडं धोतर हाय," नानासो म्हणाले.

"धोतर?"

"चौकटीला ताणून लावल्यालं. दोन पदरी. चाळीस वर्सं चाललंय. तुज्या पेटीपेक्षा मोठं हाय."

उदयसिंहने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की ते खरं आहे आणि कापड पिवळं पडलेलं नाही, दर दिवाळीला बदलतात. त्याने पेटी मिटून ठेवली.

दिवे दोन घ्यायचे ठरलं. त्याने चौथ्याच्या जोडीचा दुसरा आतून आणला. तोही मी जाळीतून पाहिला, कारण एकासारखा दुसरा असतोच असं नाही. मग शटर वर गेलं, गल्लीतला उजेड आणि हॉर्नचे आवाज आत आले, आणि उदयसिंह पावती-पुस्तक घेऊन बसला. माझा फोन वाजून गेला. विभागप्रमुखांचा निरोप होता. उद्या अकरा, कागदपत्रं विसरू नका.

"वॉरंटी दोन वर्षांची," उदयसिंह म्हणाला. "नाव कुणाचं टाकू? मालकाचंच टाकतो आमी. दिवा बिघडला तर त्याच माणसानं यायचं. सही जुळावी लागती."

नानासोंनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला.

"काका, नाव?"

"दोन वर्सं म्हणतोस," नानासो म्हणाले. "दोन वर्सांत ह्या गुडघ्यानं मी काय सांगलीला येतोय बाबा."

"मग कुणाचं टाकू? का कोरं ठेवू? नंतर भरा तुमी तुमचं."

नानासो काच पुसत राहिले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती. ते माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते, हे मला कळत होतं. त्यांना कोरं ठेवलेलंही चाललं असतं. तीन वर्षं त्यांनी ते चालवून घेतलं होतं.

"कोरं नको," मी म्हणाले. "संयोगिता फडतरे लिहा. पत्ता कोरेगावचा, स्टुडिओचा."

उदयसिंह लिहायला लागला. नानासोंचा हात थांबला. ते आता काही विचारणार नव्हते, पावतीवरचं नाव त्यांना पुरेसं होतं. पण त्यांनी मला शब्दांत विचारलं होतं.

"नाना," मी म्हणाले, "उद्या मी साताऱ्याला जात नाही. स्टुडिओ मी घेतेय."